तीस काय?

"आत्ता काय गेलं?" सरांनी विचारलं.

"तीस," मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं, कारण त्या दिवसापर्यंत क्लच, आरसा, मागून अंगावर येणारा ट्रक आणि माझा स्वतःचा श्वास एवढं सगळं सांभाळता सांभाळता रस्त्याकडेची एकही पाटी मला दिसलेली नव्हती, आणि आज दिसली होती.

"तीस काय?"

"म्हणजे... ताशी तीस किलोमीटर."

"ते झालं. पण कधी? कुठून? कुठपर्यंत?"

मी गप्प. तीसच्या खाली एक छोटी आडवी पट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं एवढंच आठवत होतं, काय लिहिलं होतं ते गाडीबरोबर मागे गेलं. सर ओरडले नाहीत (ते कधीच ओरडायचे नाहीत, त्यामुळे जास्त लागायचं), पुढच्या चौकातून गाडी वळवायला लावली आणि परत त्याच पाटीवरून नेली. खालच्या पट्टीवर वेळा होत्या. सकाळचा दीडेक तास आणि दुपारचा दीडेक तास, फक्त शाळेच्या दिवशी. आणि आम्ही गेलो ती वेळ बरोब्बर या दोन्हींच्या मधली, म्हणजे ज्या तीसचं मी एवढ्या ऐटीत नाव घेतलं तो त्या क्षणी लागूच नव्हता.

सदतिसाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली की एक होतं, तुम्हाला वाचता येतं याची तुम्हाला फार खात्री असते. आयुष्यभर वाचतच आलोय ना आपण. पण पुस्तक हातात धरून वाचणं वेगळं आणि सेकंदाला आठ-दहा मीटर सरकताना वाचणं वेगळं, आणि त्यात शाळेजवळची पाटी म्हणजे नुसता आकडा नसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते एक अख्खं वाक्य असतं, त्यात आकडा हा एक शब्द फक्त. नवा ड्रायव्हर तेवढा एकच शब्द उचलतो आणि बाकीचं वाक्य सोडून देतो, कारण आकडा मोठा असतो आणि लाल गोलात असतो.

लाल गोलाचं पण एक व्याकरण आहे. १९६८ साली व्हिएन्नात रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला, बऱ्याच देशांच्या पाट्या त्याच्या वळणाने चालतात. त्यात लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम: याच्या पुढे जायचं नाही. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे इशारा, पुढे असं असं काहीतरी आहे, सांभाळ. त्यामुळे त्रिकोणात पळणारी दोन मुलं दिसली आणि जवळपास गोल नसेल तर त्या त्रिकोणाने तुमचा वेग कायद्याने बदललेला नसतो, त्याने फक्त कानात सांगितलेलं असतं. गोल आला की मात्र ऐकावंच लागतं. मला पहिले कित्येक दिवस हे दोन्ही "लाल काहीतरी" एवढंच वाटायचं.

अमेरिकेत सगळंच वेगळं. तिथे वेगमर्यादेची पाटी पांढरी आणि उभी चौकोनी असते, लाल गोल नाहीच, आणि शाळेसाठी पाच कोनांची एक खास पाटी, झगझगीत पिवळट हिरवी. पाचकोनी हा आकारच तिथे मुख्यतः शाळेसाठी राखलेला आहे, लहान मूल घराचं चित्र काढतं ना, दोन भिंती आणि वर उतरतं छप्पर, तसाच दिसतो. म्हणजे धुक्यात अक्षरं दिसली नाहीत तरी नुसत्या कडेवरून कळावं की इथे शाळा आहे. मला ही कल्पना खूप आवडते. आणि तिथला आकडा मैलांचा असतो बरं का, २० लिहिलं असेल तर ते आपल्या हिशेबाने ३२.

पण खरी गंमत खालच्या पट्टीत. ती कुठे काय म्हणते बघा. काही ठिकाणी म्हणते, वरचे पिवळे दिवे लुकलुकत असतील तेव्हा. दिवे बंद असले तर नेहमीचा वेग, सोपं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये शाळेजवळ ताशी ४०, आणि वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी ८ ते ९:३० आणि दुपारी २:३० ते ४, शाळेच्या दिवशी. तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, लोक त्यांना ड्रॅगनचे दात म्हणतात, म्हणजे पाटी हुकली तरी निदान दात तरी दिसावेत. त्याच देशात साउथ ऑस्ट्रेलियात जाल तर बहुतेक शाळांजवळ आकडा २५ वर येतो आणि घड्याळ गायबच होतं, तिथला नियम असा की शाळेच्या झोनमध्ये, म्हणजे सुरू आणि संपल्याच्या पाट्यांमधल्या रस्त्यावर, मूल असेल तेव्हा २५. मग रविवार असो की सुट्टी असो.

हे "मूल असेल तेव्हा" वाचलं की नव्या ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो, निदान माझ्या तरी आला. म्हणजे कोणतं मूल? कुंपणाच्या आत खेळणारं धरायचं का? आईचा हात धरून चाललेलं? हे प्रश्न वेडगळ नाहीयेत, कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात चक्क कुंपणाचा विचार केलेला आहे, मैदान आणि रस्ता यांच्यामध्ये कुंपण आहे की नाही यावरून फरक पडतो. सगळीकडे नियम सारखा नसतो, त्यामुळे जिथे चालवताय तिथलं पुस्तक वाचण्याला पर्याय नाही. मात्र सरांचं उत्तर एका ओळीचं होतं. "मोजत बसावं लागतंय म्हणजे आहे असं धरायचं."

आणि काही पाट्यांना खाली पट्टीच नसते.

ही मला सगळ्यात महागात पडली असती. लायसन मिळून तीन-चार महिने झालेले, म्हणजे सगळ्यात धोक्याचा काळ, भीती गेलेली आणि अक्कल आलेली नाही. कामाचा दिवस होता, सकाळचे अकरा वाजलेले. शाळेची पाटी दिसली, तीस दिसलं, आणि मी मनात म्हटलं की अकरा वाजता मुलं वर्गात असतात, सकाळची वेळ केव्हाच संपली. पन्नासनेच गेले. मनातल्या मनात मी त्या पाटीखाली एक पट्टी लावून टाकली होती, जी तिथे नव्हती. पट्टी नाही म्हणजे वेळेची सूट नाही, तो तीस अहोरात्र आहे, एवढी साधी गोष्ट. आणि पुढे वळणावर पंचवीस-तीस मुलांची रांग फूटपाथवर उभी, कुठेतरी सहलीला वगैरे निघालेली असणार, आणि एक बाई हात वर करून रस्त्यात एक पाऊल टाकून थांबलेल्या.

गाडी थांबली. थांबली म्हणजे काय, पुढे जाऊन थांबली, बाईंच्या अलीकडे दोनेक हात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत, मग मुलांकडे वळून "चला" म्हणाल्या. मुलं माझ्या बॉनेटसमोरून गेली. काहींचं फक्त डोकं दिसत होतं, एकाचं तर तेही नाही, नुसती टोपी जाताना दिसली. मी त्या सीटवर बसून तीस मुलं मोजली. नको वाटत होतं तरी मोजली.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. शाळेत भौतिकशास्त्र शिकलेच होते, वापरायची वेळ आली नव्हती इतकंच. ताशी ३० म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. ताशी ५० म्हणजे जवळजवळ १४. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे हे डोक्याला कळलं, मग पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा (आणि हा सेकंद उदार आहे, मनात दुसरं काही चाललेलं असेल तर दीड-दोनही लागतात). तीसवाली गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते, मग कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर आणखी पाचेक मीटरमध्ये उभी राहते. एकूण १३. आता पन्नासवाली. तिचा नुसता तो विचाराचा सेकंदच १४ मीटरचा आहे. म्हणजे तीसवाली गाडी जिथे पूर्ण उभी राहिलेली असते, त्या जागेवर पन्नासवालीने अजून ब्रेकला पायसुद्धा लावलेला नसतो, ती तिथून पूर्ण पन्नासने जाते. वेग कमी होऊन धडक नाही, पूर्ण पन्नासने.

मी हे तीनदा करून पाहिलं, कारण मला वाटत होतं की वीसचा फरक आहे तर थोडा जास्त जोर बसेल, थोडा उशिरा थांबेल, असं काहीतरी "थोडं" निघेल. थोडं निघालं नाही. एक तर ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दुप्पट केला तर ते अंतर चौपट, आणि त्याच्या आधी तो सेकंद आहेच. आणि वाचतं काय? तीनशे मीटरचा झोन असेल तर पन्नासने साधारण २२ सेकंद लागतात, तीसने ३६. चौदा सेकंद. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली की संपले.

हा तीसचा आकडा हवेतून आलेला नाहीये. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेवर देशोदेशीच्या मंत्र्यांची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात म्हटलं की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या सतत एकमेकांत मिसळतात तिथे कमाल वेग ३० असावा. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगतेय की ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहेत. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, त्यातल्या ५ या आकड्याकडे त्या अकराच्या प्रसंगापर्यंत कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आपण गाडीत बसून धरून चालतो की मुलाला गाडी येताना दिसतेय. दिसत असते, पण वेगाने येतेय हे दिसत नसतं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी साधारण २०१० च्या सुमारास हे तपासलं होतं. गाडी जवळ येते तेव्हा डोळ्यात तिचं चित्र मोठं मोठं होत जातं आणि त्या मोठं होण्यावरून मेंदू अंदाज बांधतो. प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांची ही जाण अजून पक्की झालेली नसते, आणि संशोधकांना आढळलं की ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या वर गेलेल्या गाडीचं जवळ येणं ही मुलं खात्रीने ओळखू शकत नाहीत. आणि यातलं उलटं गणित बघा, जी गाडी पाच सेकंदात पोचणार आहे ती जितकी वेगवान तितकी आत्ता लांब असते, म्हणून लहान दिसते, म्हणून तिचं मोठं होणंही हळू वाटतं. म्हणजे जास्त वेगाची गाडी मुलाला जास्त स्थिर दिसू शकते. लक्ष न देणारं नाही, नीट थांबून बघणारं मूलसुद्धा फसतं यात. "मुलांना शिकवायला हवं" असं जे आपण पटकन बोलून जातो ना, ते इथे पुरेसं नाही, कारण जे डोळ्यालाच अजून येत नाही ते शिकवून कसं येणार.

असो. सरांकडे परत येते. मी त्यांना त्या अकराच्या प्रसंगाबद्दल सांगितलंच नाही कधी, क्लास संपला होता आणि लाजही वाटत होती. पण त्यांनी शिकवलेल्या एका गोष्टीचा अर्थ तेव्हा लागला. शाळेची पाटी लांबून दिसली की ते म्हणायचे, "सेकंड टाका आणि काट्याकडे बघायचं बंद करा." मला वाटायचं काय माणूस आहे, वेगमर्यादा आली की काट्याकडे बघू नको म्हणतो! पण नवा ड्रायव्हर तीस पाळायला लागला की नेमकं हेच करतो, डोळे काट्यावर लावून बसतो, अठ्ठावीस, एकतीस, तीस, परत एकतीस, आणि रस्त्यावर बघायला कुणी उरत नाही. सेकंड गिअरमध्ये माझी गाडी तीसच्या पुढे गेली की इंजिन आपोआप कुरकुरतं, ते कानाला कळतं. मग डोळे मोकळे. उभ्या गाड्यांच्या मधल्या फटी बघायच्या, त्यांच्या चाकांखालून पाय दिसतात का बघायचं, काचेच्या कडेच्या त्या जाड खांबामागे अख्खा माणूस लपतो म्हणून वळताना मान जरा पुढे काढून बघायचं. ऑटोमॅटिक गाडीत हा कानाचा उपाय चालत नाही, तिथे पाय लवकर उचलायची सवय लावावी लागते, बहिणीची गाडी चालवताना मला हे समजलं.

शिवाय काटा तसाही थोडा जास्तच सांगतो. पुष्कळ देशांत लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, क्रमांक ३९, त्यानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर एका मर्यादेपर्यंत चालतो. खरा वेग ४० असेल तर काटा ४८ पर्यंत दाखवू शकतो. म्हणून काट्यावर तीस धरून अगदी प्रामाणिकपणे चाललेल्या नव्या ड्रायव्हरच्या मागे लोक का वैतागतात त्याचं निम्मं उत्तर इथे आहे, तो बहुतेक सत्तावीसने चाललेला असतो. चालू दे त्याला.

मोठ्या रस्त्यावरून उतरून थेट शाळेपाशी आलात तर मात्र काटा बघाच, एकदा बघा. तासभर ऐंशी-नव्वदने चालवल्यावर पन्नास म्हणजे गाडी उभीच आहे असं वाटतं. आपल्याला वाटणारा वेग तेव्हा खोटा असतो.

मधे एकदा पाट्यांबद्दल वाचत बसले होते तेव्हा ब्रिटनमधल्या पाटीवरच्या मुलांची गोष्ट सापडली. एके काळी तिथे शाळेच्या पाटीवर मुलं नव्हतीच, जळती मशाल होती, ज्ञानाची वगैरे. मशाल बघून कोण ब्रेक मारणार! मग मुलं आली, पण टोपी घातलेला मोठा मुलगा पुढे आणि छोटी मुलगी मागे. १९६० च्या दशकात सगळ्याच पाट्या नव्याने करायचं काम जॉक किनियर आणि मार्गारेट काल्व्हर्ट यांच्याकडे आलं, १९६५ पासून त्या लागू झाल्या. काल्व्हर्टबाईंना ती जुनी पाटी फार शिष्ट वाटायची. त्यांनी जोडी उलटी केली, मुलगी मोठी, ती धाकट्या मुलाचा हात धरून त्याला नेतेय, आणि ती मुलगी त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या फोटोवरून काढली. म्हणजे जगात एक बाई अशी आहे जिच्या लहानपणासमोर साठ वर्षं लोक गाडी हळू करतायत. मी त्यानंतर त्रिकोणातली मुलं जरा निरखून बघायला लागले. कुठे ती चालतात, कुठे पळतात. पळणारी जास्त खरी वाटतात मला.

गाडी यायला लागल्यावर मी पायी चालणं कमी केलं, सगळेच करतात. मागच्या वर्षी भाच्याला शाळेत सोडायचं काम आठवडाभर माझ्याकडे आलं, अंतर एवढंसं म्हणून चालत जायचो. तो सात वर्षांचा, एक पाय फूटपाथवर आणि एक खाली असं लंगडत चालण्याचा त्याचा काहीतरी खेळ होता. आम्ही येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी त्याने एका खांबाला पकडून गिरकी घेतली आणि वर बघितलं.

"मावशी, या पाटीवर काहीच कसं नाही?"

राखाडी पत्रा, दोन पट्ट्या आणि चार नटबोल्ट. मी पण पहिल्यांदाच पाहत होते ती बाजू, आणि मला कळायला दोन पावलं लागली की ही तीच माझी पाटी, रोज समोरून वाचते ती. ज्यांच्यासाठी लावलीय त्यांच्या बाजूने कोरी. त्याला सांगितलं की ती गाडीवाल्यांसाठी आहे, पलीकडून लिहिलंय. "काय लिहिलंय?" म्हणाला. हळू चालवा असं लिहिलंय म्हटलं. त्याचं समाधान झालं, मग परत एक पाय वर एक पाय खाली.

आता सुरुवात आणि शेवट, कारण हे सर घोकून घ्यायचे आणि मी आता माझ्या धाकट्या नणंदेकडून घोकून घेते, ती सध्या शिकतेय. मर्यादा पाटीपासून सुरू होते. पाटी दिसते तिथून ब्रेक दाबायचा आणि पाटी ओलांडताना वेग आकड्याच्या आत आलेला असायला हवा, पाटी ओलांडल्यावर कमी करायला घ्यायचा नाही. शेवटही तसाच, संपल्याची पाटी समोर दिसली म्हणजे झोन संपला असं नाही, ती मागे गेली की संपला. सगळ्यात जास्त पाय सुटतो तो इथेच. ती पाटी लांबून दिसते आणि उजवा पाय आपोआप जड होतो, आणि तो शेवटचा चाळीस-पन्नास मीटरचा तुकडा आपण मनाने आधीच ओलांडून गेलेलो असतो. मागच्याचा हॉर्नही नेमका तिथेच येतो.

परवा नणंदेला घेऊन गेले तर मागे कुणी नव्हतं, हॉर्न नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, संपल्याची पाटी समोर अगदी स्वच्छ दिसत होती आणि तिचा हात गिअरवर जाऊन बसलेला.

"वहिनी, टाकू का तिसरा?"

"पाटी कुठे आहे?"

"समोर."

"मग थांब."

ती थांबली. पाटी खिडकीतून मागे सरकली, आणि आरशात तिची राखाडी बाजू आली.

"हं. आता टाक."